दहा मीटर

जावातल्या आमच्या वस्तीत वागियेमला सगळे इबू म्हणतात, म्हणजे आई. तिच्या विहिरीचं पाणी अख्खी गल्ली तीस वर्षं पीत होती. गेल्या साली शेजारच्या सुरोतोने टोफूचा कारखाना काढला आणि सांडपाण्यासाठी कुंपणालगत खड्डा खणला. सहा महिन्यांत विहिरीच्या पाण्याला नासक्या सोयाबीनचा वास यायला लागला, आणि इबूची नात जुलाबाने चार दिवस इस्पितळात पडून होती.

इबू तडक ग्रामकचेरीत गेली आणि भिंतीवरच्या नियमावर तिने बोट ठेवलं. विहीर आणि सांडपाण्याचा खड्डा यांच्यात दहा मीटर अंतर हवंच.

"मोजून बघतो, इबू," कारकून म्हणाला.

"बघ की! आणि मोजून झालं की एक पेला पिऊनही बघ."

तो टेप घेऊन आला. दुसरं टोक मीच धरलं होतं. अंतर भरलं सहा मीटर. सुरोतो दारात सिगारेट ओढत उभा होता, त्याने साधी मानही वळवली नाही.

"नियम मोडलाय ना? मग लिही कागदावर!" इबू कडाडली.

"लिहिलं, इबू. कारवाई होणार म्हणजे होणारच."

आठव्या दिवशी कचेरीची माणसं ट्रकभर माती घेऊन आली. इबूने लगबगीने त्यांना कुंपणापलीकडचा खड्डा दाखवला.

 

"तो नाही, इबू," कारकून खाली बघत म्हणाला, "विहीर बुजवायचा हुकूम आहे. खड्ड्याच्या फार जवळ आहे ती."