जहाज दिसलं तेव्हा

उत्तरेकडून बर्फ खाडीत शिरायला लागलं, तोवर जहाजावरून माल उतरवणाऱ्या पडावाची एकच खेप किनाऱ्याला लागली होती. पिठाची पोती, पोरांचे लंगोट, दुकानाचे डबे. पुतुलिकची नवी बर्फगाडी दुसऱ्या खेपेत यायची होती. कप्तानाने पडाव जहाजावर ओढून घेतला आणि नांगर उचलला. आता जहाज येणार ते पुढच्या उन्हाळ्यात.

कुणी म्हणालं, आपला सोफा गेला. बरंच झालं, बायको त्याच्यावरून उठली नसती, असं दुसरा म्हणाला. थोडे हसले. पुतुलिककडे मात्र कुणी पाहिलं नाही.

सकाळी खाडीच्या टोकामागून जहाज दिसलं, तेव्हाच त्याने जुनी गाडी सगळ्यांदेखत भाच्याला, मोसेसीला, देऊन टाकली होती. जहाज दिसलं की जुनं वाटून टाकायचं, ही गावची रीत. दिलेलं परत मागायची रीत नव्हती. आणि गाडीशिवाय शिकार नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना मांसाचा वाटा त्याच्याच घरून जायचा.

बहीण नुवालिंगा जवळ आली. "दादा, मी मागते. माझाच पोरगा आहे."

"तू तोंड उघडलंस तर तुझ्या दारात पाय ठेवणार नाही."

"मग ताठा उकडून खा हिवाळाभर," म्हणून ती निघून गेली.

मोसेसी खाली किनाऱ्यावर आला. गाडी परत देऊ का, हे त्याने विचारलं नाही. तसं विचारणं म्हणजे मामाला चारचौघांत लहान करणं. तो जहाजाकडे बघत राहिला. मग म्हणाला, उद्या रेनडिअरच्या मागावर जातोय, तळ्यावरचं नवं बर्फ मला ओळखता येत नाही, तुम्ही या.

दुसऱ्या दिवशी पुतुलिक आयुष्यात पहिल्यांदा गाडीमागच्या स्लेजवर बसला. वारा समोरून होता, म्हणून तो पुढे पाठ करून, गावाकडे तोंड करून बसला. गाव लहान होत गेलं. कुणीतरी दारातून हात हलवला. त्याने हलवला नाही.

तळ्याच्या काठाशी मोसेसीने वेग कमी केला.

"मामा, बर्फ धरेल का?"

बर्फ बघायला वळलं असतं तर पोराला आपला चेहरा दिसला असता.

"धरेल," पुतुलिक गावाकडे बघत म्हणाला.