चाकाखालची ओल

शैलाचं तेरावं झाल्यावर सुधाकरने ठोकलेली गाडी गॅरेजात आणली. मिस्त्रीने पुढचं चाक काढलं, पाइपवरून बोट फिरवलं आणि त्याच्यासमोर धरलं. "ब्रेक ऑइल. आधीपासूनच गळत होतं, साहेब."

दसऱ्याला त्याच चाकापुढे त्याने नारळ फोडला होता. दुसऱ्या दिवशी बायकोने चाकाखालची ओल दाखवली, तेव्हा पेपरातून मान वर न करता तो म्हणाला, "नारळाचं पाणी असेल." संध्याकाळी ती एकटीच घाट उतरत होती. ब्रेक लागलाच नाही.

नवा पाइप बसवून मिस्त्रीने त्याला पेडल दाबायला आत बसवलं. सीट अजून शैलाच्या उंचीला पुढे ओढलेली होती. गुडघे स्टिअरिंगला टेकले, तरी त्याने ती मागे सरकवली नाही.

"आता लागतोय. पण एवढी ओल दिसली कशी नाही कुणाला?"

"दिसली होती," पेडलवरचा पाय न काढता सुधाकर म्हणाला. "तिला."