कायमची बंदी

ऑनलाइन गेममध्ये लबाडी करून जिंकणारा एक भामटा गेम कंपनीच्या सुरक्षाप्रमुखाच्या हाती लागला. त्यानं भामट्याच्या इंटरनेटचा आयपी नंबरच गेमसाठी कायमचा बंद केला. "आता बसेल बोंबलत," मिशीला पीळ देत तो म्हणाला.

भामट्यानं घरचा राउटर बंद करून पुन्हा चालू केला, इंटरनेट कंपनीकडून नवा नंबर मिळवला आणि पाच मिनिटांत खेळायला बसला. जुना नंबर फिरत फिरत त्याच गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापिकेच्या वाट्याला आला. दूरगावी राहणाऱ्या बहिणीशी रोज दुपारी हाच गेम खेळणाऱ्या बाईंचा गेम उघडेचना. त्यांनी तक्रार लिहिली, "मी जन्मात कधी लबाडी केली नाही हो. माझं काय चुकलं?"

सुरक्षाप्रमुखानं उत्तर धाडलं, "पकडले गेल्यावर सगळे असंच म्हणतात."