घडीच्या सायकलीची जागा

तोक्योकडे जाणाऱ्या सकाळच्या गच्च भरलेल्या गाडीचं दार उघडलं, तेव्हा व्हीलचेअरसाठी राखलेल्या कोपऱ्यात कुरामोचींची घडीची सायकल उभी होती. नियमाप्रमाणे पिशवीत, तोंड आवळून बांधलेली. चाकाचा तुकडाही बाहेर दिसत नव्हता. शेजारी ते स्वतः उभे होते.

स्टेशनच्या कर्मचाऱ्याने फलाटावरून दारात उतरती फळी टाकली. पलीकडे व्हीलचेअरमध्ये एक म्हातारी होती, अंगावर घरच्या लग्नात नेसतात तो काळा किमोनो. मागे तिची मुलगी.

"माफ करा, जरा सरकता येईल का?" कर्मचाऱ्याने आत वाकून विचारलं.

माणसं अर्धं पाऊल मागे दबली. त्यापुढे भिंत होती. हलण्याजोगी एकच गोष्ट उरली, ती पिशवी. ती उचलून खाली उतरलं की काम झालं असतं. कुरामोचींनी मोबाइलवरची नजर काढली नाही. नदीकाठी मित्र थांबले होते. आणि नियम तर त्यांनी मोडला नव्हता.

"हल्ली सायकलीसुद्धा गाडीत बसून फिरायला जातात," मुलगी पुटपुटली. "नातवाचं लग्न, आणि घरच्यांच्या फोटोत आजीच नाही!"

"गप गं." म्हातारीने कुरामोचींकडे पाहून मान लववली. "आमच्यामुळे तुमचा खोळंबा झाला. आम्ही मागच्या गाडीने येतो."

फळी उचलली गेली. दार लागलं. कुणी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. कुरामोचींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हातातल्या मोबाइलचा पडदा कधीचा विझला होता.

पुढच्याच स्टेशनवर ते सायकल घेऊन उतरले आणि माफीचे शब्द जुळवत फलाटावर त्याच दारासाठी आखलेल्या खुणेपाशी उभे राहिले.

मागची गाडी आली. दार उघडलं. कोपऱ्यात म्हातारी होती, भोवती माणसांची भिंत. कुरामोची कमरेत वाकले. माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं.

"अगं, हे तर मघाचे!" म्हातारी मुलीला म्हणाली. मग त्यांच्याकडे वळून, "तुम्हालाही जागा नाही म्हणून उतरवलं का हो?"

मुलगी खिडकीबाहेर पाहू लागली. म्हातारीने किमोनोची लोंबती बाही मांडीवर ओढून घेतली आणि खुर्चीचं चाक भिंतीला भिडवलं.

"या, या. सायकलीपुरती जागा होईल."