तीन बोटं

"बोटं एकावर एक धरून घाला तोंडात," डॉक्टर म्हणाले. "तीन."

मोतीरामने घातली. तीनही गेली.

"छान. ऑपरेशन झालं, मशीनचा शेक झाला, तोंडही पुरतं उघडतंय. आता दोन वर्षं सांभाळा. गालाचा कॅन्सर परत यायचा तर बहुतेक तेवढ्यातच येतो. ही दोन वर्षं निघाली की मी निश्चिंत."

मग ते मोतीरामच्या बायकोकडे वळले. "साळूबाई, लक्ष तुम्ही ठेवायचं. पेशंट लपवतो. तिखट झोंबायला लागलं, गालात पांढरं दिसलं, तोंड कमी उघडायला लागलं, की लगेच घेऊन या."

साळूबाईने मान हलवली. घरी आल्यावर तिने नवऱ्याच्या तंबाखूची पुडी आणि आपल्या मिश्रीचा डबा, दोन्ही शेवंतीच्या वाफ्याकडेला पुरले. मखमलाबादच्या मळ्यात त्या वर्षी शेवंती चांगली आली.

सुरुवातीला मोतीरामला दुधात कुस्करलेली भाकरीच चालायची. पुढं तो सावरला, वरण-भात खाऊ लागला, भाजीला मिरची मागू लागला. तेव्हा साळूबाईनेच मिरची सोडली.

"सप्तशृंगीला बोललेय," ती सुनेला म्हणाली. "ह्यांची दोन वर्षं निघत नाय तवर तिखट नाय खायाचं."

सून भाग्यश्री सासूची भाकरी दुधात कुस्करू लागली. आजूबाजूच्या बायकांना विषयच मिळाला. नवस असावा तर असा, म्हणाल्या. साळूबाई वाळत चालली, बोलणंही कमी झालं, तर नवऱ्याच्या काळजीने पोखरली म्हणाल्या. लोकांना कारण लागतं, आणि हे चांगलं कारण होतं. मोतीराम मात्र ताटावर बसला की ओशाळायचा.

दीड वर्षाच्या तपासणीला मोतीराम बाहेर गेल्यावर साळूबाई थांबली. पदर तोंडाशी होता.

"डॉक्टर, हा आजार आला आन् माणसानं काय केलंच नाय, तर किती निघतं?"

"मोतीरामांचं तोंड स्वच्छ आहे हो."

"तरी सांगा."

"सहा महिने. फार तर वर्ष. पण वेळेवर आणलं तर माणूस वाचतो. का विचारता?"

"ह्यांचं ध्यान माझ्यावर असतं. माझं कायबी झालं तर हे सोताची तपासणी सोडून देतील. म्हणून इचारलं," ती म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

दोन वर्षं पुरी झाली त्या दिवशी डॉक्टरांनी मोतीरामचा हात हातात घेतला. "सुटलात."

दवाखान्यातून द्वारका चौकावरून रिक्षाने येताना मोतीराम रडला. साळूबाईला आनंद व्हायला हवा होता. तसं काही झालं नाही. आत सगळं बधिर होतं.

घरी मोतीरामने स्वतः खलबत्त्यात ठेचा कुटला. भाग्यश्रीने बाजरीची भाकरी थापली. त्याने पहिला घास साळूबाईपुढं धरला.

"नवस फिटला, साळू. घे."

ती ओठ मिटूनच हसली. "वणीला जाऊन आल्यावर खाईन."

"देवी काय ठेच्यापायी अडून बसलीय व्हय?" मोतीराम आज रंगात होता. त्याने डॉक्टरांसारखा आवाज काढला. "साळूबाई, बोटं एकावर एक धरून घाला तोंडात. तीन."

भाग्यश्री हसली. साळूबाईने दोघांकडे पाहिलं. आता लपवायचं काही कारण उरलं नव्हतं. तिने पदर खाली घेतला आणि बोटं ओठांशी नेली.

आत एकच गेलं.