पस्तीस नंबरची खोली

कॉटन ग्रीनच्या त्या गोदामात शिरल्याबरोबर नलूबाईंनी आपलं दार ओळखलं. तोच विटका हिरवा रंग, तीच वाकडी कडी. वरळीच्या बीडीडी चाळीतली त्यांची पस्तीस नंबरची खोली पाडली, तेव्हा केरेन डिमेलो या चित्रकर्तीने दार, खिडकी आणि भिंतीचे मोठे तुकडे मागून घेतले होते. आता तिने ती खोली प्रदर्शनात पुन्हा उभी केली होती. आत सामान नाही, नुसता राडारोडा, आणि जमिनीवर एक मिणमिणता दिवा. चपला बाहेर काढायच्या अशी पाटी.

नलूबाईंना कलेशी काही देणंघेणं नव्हतं. टॉवरमध्ये राहायला गेल्यापासून त्यांचे यजमान शरच्चंद्र रोज संध्याकाळी 'घरी जातो' म्हणून बाहेर पडत. चाळ पाडली हे सांगितलं की मान डोलवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघत. परवा तर भर रस्त्यात गाड्यांमध्ये सापडले. नलूबाईंची झोप उडाली होती. एकदा डोळ्यांनी बघतील तर पटेल, म्हणून त्या त्यांना घेऊन आल्या होत्या.

शरच्चंद्र दाराशी थबकले. बाहेर चपलांचा ढीग. माणसं एकेक करून आत जात होती, मान खाली घालून उभी राहत होती, न बोलता बाहेर येत होती.

"कोण गेलं गं?" त्यांनी हळूच विचारलं.

नलूबाईंना हसू येणार होतं, ते आलं नाही. "अहो, आपली खोली," त्या म्हणाल्या.

शरच्चंद्रांनी दारावरचा आकडा वाचला. कडीवरून बोट फिरवलं. मग चपला काढून आत गेले आणि भिंतीला टेकून बसले. शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीने फोन खिशात टाकला.

थोड्या वेळाने केरेन आत आली, तिला ते म्हणाले, "वय झालंच होतं म्हणा. हाल नाही ना झाले फार?"

केरेनने नलूबाईंकडे पाहिलं.

"नाही काका. मी होते तिकडे. एका दुपारीत झालं सगळं."

"सुटली," शरच्चंद्र म्हणाले. गुडघ्यावर हात टेकून उठले.

लिफ्टमनलासुद्धा 'येतो हं' म्हटल्याशिवाय हा माणूस कधी हलायचा नाही. पण दुखवट्याच्या घरून निघताना तसं म्हणत नाहीत. त्यांनी चपला घातल्या आणि मागे न बघता चालू लागले.

"काकू, परत या हं," केरेन म्हणाली.

'येते' हा शब्द नलूबाईंच्या अगदी ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला, आणि यजमानांच्या मागोमाग निघाल्या.