बोलता येईल इतकंच

"रुमाल काढ तोंडावरचा," हिलाल म्हणाला.

लोटूने रुमाल खाली ओढून गळ्यात घेतला. सकाळचे सात वाजले होते. पर्वत पाटिया भागातल्या बागेत दोघांची दुसरी फेरी चालू होती.

सहा आठवड्यांपूर्वी लोटूच्या हृदयात नळी बसवली होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण एक अट घातली. चालताना सहज बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की थांबायचं, बसायचं आणि लगेच दवाखान्यात यायचं.

लोटूची मुलगी उज्ज्वला साड्यांना लेस लावायच्या कारखान्यात जाते. तिने वडिलांना हिलालच्या हवाली केलं होतं.

"काका, तुम्ही त्यांना बोलतं ठेवा. तुमच्यावर सोडते."

त्या दिवसापासून हिलालला नीट झोप नव्हती. अर्धं पाऊल पुढे राहून, मान वळवून तो लोटूच्या तोंडाकडे बघत चाले. रंग उतरला तर? ओठ काळे पडले तर? दोनदा तो स्वतःच झाडाच्या आळ्यात अडखळला होता. कोपऱ्यात आसनं करणाऱ्या बाया त्याच्याकडे बघून हसत. नातवाचे पांढरे बूट घातले म्हणून हसत असतील, असं त्याला वाटे.

"रातले काय खादं रे?" त्याने विचारलं.

"भरीत. कळनानी भाकर."

"तेल कमी ना?"

"तेलनी बाटली पोर नुसती दखाडस."

नुसती दाखवते म्हणे! हिलाल हसला. थट्टा करणारा माणूस दमलेला नसतो.

तीस वर्षं दोघं कापडाच्या कारखान्यात समोरासमोरच्या लूमवर उभे होते. त्या खडखडाटात शेठ ओरडला तरी कळायचं नाही. पण एकमेकांच्या तोंडाकडे बघत यांच्या गप्पा बारा तास चालायच्या. हिलालची बायको प्रमिलाबाई अजून कुरकुरते, "कुकर चार शिट्ट्या देतो, तुम्ही ढिम्म. लोटूभाऊंचं मात्र एक अक्षर चुकत नाही."

रोज संध्याकाळी कामावरून येताना उज्ज्वला हिलालच्या दारात थांबायची.

"बोलत होते ना?"

"सगळ्या फेऱ्यांना."

मग तिचा चेहरा सैल व्हायचा. त्याच भरवशावर हिलालने दोन फेऱ्यांच्या चार केल्या होत्या.

आज तिला सुट्टी होती. तिसऱ्या फेरीला ती बागेत आली आणि वडिलांच्या शेजारून चालू लागली. हिलालने मान आणखी वळवली. इतके दिवस आपण नीट सांभाळलं, हे आज तिच्यासमोर दिसायला हवं होतं.

लोटूच्या कपाळावर घाम होता. पण ऊन चढलं होतं, घाम सगळ्यांनाच आला होता.

"दम लागना का?" हिलालने विचारलं.

"नही रे."

"बठनं शे का जरा?"

"बठनू तं ही पोर माले परत दवाखानामा लई जाई. माले त्या खाटवर नही पडनं. चाल तू."

एवढं लांब उत्तर, आणि मध्ये एकदाही तुटलं नाही. हिलालच्या जिवात जीव आला. तो उज्ज्वलाकडे वळला.

"ऐकलंस ना? एका दमात बोलला."

उज्ज्वला जागच्या जागी थांबली. तिने वडिलांचा दंड घट्ट धरला. मग हिलालला नीट कळावं म्हणून त्याच्यासमोर तोंड आणून ती सावकाश म्हणाली,

"काय ऐकू, काका? बाबांचा आवाजच निघत नाहीये."